मोबाइलच्या फोटोला जुन्या अल्बमचा रंग

कॉम्प्युटर सुरू करण्याआधी घरातला जुना अल्बम काढा. आपल्याकडे तो बहुतेक वेळा लोखंडी पेटीत, लग्नातल्या साड्यांच्या खाली ठेवलेला असतो. त्यातले १९८५ ते २००० च्या दरम्यानचे तीन-चार रंगीत फोटो आणि मिळालाच तर त्याआधीचा एखादा काळा-पांढरा फोटो बाहेर काढून खिडकीजवळ ठेवा. ऊन थेट पडू देऊ नका. पुढचं सगळं काम या फोटोंकडे बघत करायचं आहे. ‘विंटेज’ नावाचा फिल्टर एका बोटाने लागतो, पण तो कुणाच्याच घरातल्या फोटोसारखा दिसत नाही. आपल्याला दिसायला हवा तो मामांच्या लग्नाचा रोल, तालुक्याच्या स्टुडिओत धुवायला टाकलेला आणि आठ दिवसांनी पिवळ्या पाकिटातून घरी आलेला.

अल्बममधले फोटो नीट पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. त्यांच्या जुनेपणात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली फिल्मची स्वतःची: उजेड हळूहळू पांढऱ्यात विरघळतो, बारीक दाणे दिसतात, दिव्याच्या कडेला तांबूस झाक येते, रंग थोडे दबलेले पण दाट असतात. फोटो नवा करकरीत असतानाही हे सगळं त्यात होतं. दुसरी गोष्ट काळाने केलेली. रंगीत प्रिंटमध्ये सायन, मजेंटा आणि पिवळा असे तीन रंगांचे थर असतात. अल्बममध्ये बंद राहिलेल्या जुन्या प्रिंटमधला सायन, म्हणजे निळसर-हिरवा थर बहुधा आधी उडतो, म्हणून माणसं आणि भिंती तांबूस दिसू लागतात. कागदाचा पांढरा भागही पिवळा पडतो, आणि काळा रंग राखाडी होतो.

शिकणारे बहुतेक जण या दोन्ही गोष्टी एकदम करायला जातात आणि फोटोचा चिखल होतो. आधी फिल्म जमवा. काळ नंतर, आणि गरज असेल तरच.

कोणतं सॉफ्टवेअर

फोनवर स्नॅपसीड पुरेसं आहे. ते फुकट आहे, त्यात कर्व्ह आहे, दाणे टाकायचं ‘ग्रेनी फिल्म’ आहे, आणि केलेलं प्रत्येक काम नंतर उघडून बदलता येतं. लॅपटॉप असेल तर गिंप घ्या. तेही फुकट आहे आणि साध्या मशिनवर चालतं. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलवर, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या नोंदीवर, काम करायचं असेल तर डार्कटेबल घ्या, तेही फुकट. फोटोशॉप असलेल्यांनाही खालच्या पायऱ्या तशाच लागू पडतात, फक्त मेनूची नावं बदलतील. मी इथे गिंपमधली नावं देतो, कारण हात बसायला ते चांगलं आहे.

मूळ फोटोची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. गिंपमध्ये काम करताना फाइल एक्ससीएफ म्हणून सेव्ह करा, म्हणजे लेयर, फोटोवर एकावर एक रचलेले थर, शाबूत राहतात. जेपीजी अगदी शेवटी काढायची.

फोटो काढतानाच अर्धं काम होतं

निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड पुष्कळ सहन करते. ढग, पांढरं धोतर, चुन्याची भिंत यांतला तपशील एकदम नाहीसा होत नाही. डिजिटल सेन्सरचं उलटं आहे. त्याची मर्यादा ओलांडली की तो भाग कोरा पांढरा होतो आणि मग कुठलंही सॉफ्टवेअर तो परत आणू शकत नाही. मराठवाड्यातल्या उन्हात हे फार लवकर घडतं. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत एकदा मी भर दुपारी पांढऱ्या घोड्याचे चाळीसेक फोटो काढले. घोड्याची पाठ सगळीकडे जळालेली होती आणि त्यातला एकही फोटो मला पुढे वापरता आला नाही. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो: उजळ भाग वाचवायचा, सावली नंतर उचलायची.

फोनवर हे असं करा. फ्रेममधल्या सगळ्यात उजळ जागेवर बोट ठेवा आणि सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. स्क्रीनवर फोटो जरा अंधारा वाटला तरी चालेल. एचडीआर बंद करता येत असेल तर करा, कारण तो सावली आणि ऊन एकाच पातळीवर आणतो आणि फिल्मचा पोत तिथेच हरवतो. प्रो मोडमध्ये रॉ फाइल मिळत असेल तर तीच घ्या. वेळ सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरची. उन्हाळ्यात दुपारी फोटो काढायचाच असेल तर माळवदावर चढू नका, ढाळजेत बसा आणि दारातून येणाऱ्या उजेडात काढा.

पुढच्या पायऱ्यांसाठी मी असाच एक फोटो समोर ठेवला आहे. अंबाजोगाईजवळच्या गावात, आत्याबाई ढाळजेत बसून सुपात ज्वारी निवडताहेत. डाव्या हाताला उघडं दार, दारातून उन्हाचा पट्टा, मागे चुन्याची जुनी भिंत आणि बाहेर कडब्याच्या गंजीचा कोपरा. तुम्ही तुमचा फोटो घ्या, पण त्यात माणूस, उजळ भाग आणि खोल सावली असे तिन्ही असू द्या, म्हणजे सगळं शिकता येईल.

आधी फोनचा करकरीतपणा काढा

फोन प्रत्येक फोटोला न विचारता धार लावतो. केसांच्या कडा, भिंतीचे पापुद्रे, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या टोकदार होतात. या धारेवर कितीही पिवळा रंग चढवला तरी फोटो फोनचाच दिसतो. स्नॅपसीडमध्ये ‘डिटेल्स’ उघडून स्ट्रक्चर उणे पंधरा-वीसवर न्या. गिंपमध्ये फोटोच्या लेयरची नक्कल करा, तिला गॉशियन ब्लर द्या, १२ मेगापिक्सेलच्या फोटोला दोन पिक्सेलच्या आसपास, आणि त्या लेयरची अपारदर्शकता ३० ते ४० टक्क्यांवर आणा. धार मोडेल, पण फोटो धूसर होणार नाही. नंतर दोन्ही लेयर एकत्र करा.

मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची दुरुस्ती. भिंत खरोखर जशी होती तशी दिसेपर्यंत आणा. पुढे आपण रंग मुद्दाम वळवणार आहोत, पण वळवायला सुरुवात सरळ जागेवरूनच व्हावी लागते.

कर्व्ह: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

फिल्मचं वळण कुठे राहतं असं कुणी विचारलं तर मी कर्व्हकडे बोट दाखवीन. गिंपमध्ये ‘कलर्स’ मेनूत ‘कर्व्ज’ उघडा. तिरपी सरळ रेषा दिसेल. डावं टोक म्हणजे काळा, उजवं टोक म्हणजे पांढरा, खालचा अक्ष मूळ फोटोचा आणि उभा अक्ष तुम्ही करणार त्या बदलाचा. दोन्हींवर ० ते २५५ असे आकडे असतात.

फिल्म कंपन्या आपल्या फिल्मचा असाच आलेख छापत आल्या आहेत. त्यात मधला भाग साधारण सरळ असतो, खाली एक मऊ वळण आणि वर दुसरं. खालच्या वळणाला टाच म्हणा, वरच्याला खांदा. डिजिटल फोटोला खांदाच नसतो, तो कडेलोट झाल्यासारखा पांढऱ्यात संपतो. आपल्याला तो खांदा बनवायचा आहे.

पाच बिंदू ठेवा. शून्य उचलून १० वर, ६४ खाली ओढून ५६ वर, १२८ ला १३० वर, १९२ ला २०० वर, आणि २५५ खाली आणून २४४ वर. रेषा हलक्या एस आकाराची दिसेल आणि तिचं वरचं टोक चपटं होईल. आता दारातल्या उन्हाच्या पट्ट्याकडे बघा. मघाशी तो कागद फाडून चिकटवल्यासारखा दिसत होता, आता उंबऱ्यावर पसरलेला वाटेल. हाच तो खांदा. पट्टा राखाडी आणि मेलेला वाटला तर २४४ चे २४८ करा. आकडे फोटोप्रमाणे बदलतात, माझे फक्त सुरुवातीला घ्या.

डाव्या टोकाबद्दल माझं मत पक्कं आहे. शून्याला ३० किंवा ४० पर्यंत उचलून सगळा काळा रंग धुरकट करायची पद्धत पडली आहे आणि त्यालाच लोक फिल्म लूक म्हणतात. चांगल्या निगेटिव्हवरून नीट काढलेल्या प्रिंटमध्ये काळा रंग खोल असतो. तुमच्या अल्बममधला बऱ्या स्थितीतला एखादा फोटो घ्या आणि नवऱ्या मुलाच्या केसांकडे बघा. धुरकटपणा उडालेल्या प्रिंटचा किंवा वाईट स्कॅनचा असतो. म्हणून १० ते १५ च्या वर जाऊ नका. स्लाइड फिल्मसारखा, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या पारदर्शिकेसारखा फोटो हवा असेल तर तेवढंही उचलू नका. १९३५ मध्ये आलेली आणि २००९ मध्ये बंद झालेली कोडाक्रोम तर गडद काळा आणि दाट लाल यांसाठीच ओळखली जायची.

रंग

आता त्याच कर्व्हच्या खिडकीत वरच्या बाजूला चॅनल, म्हणजे लाल, हिरवा किंवा निळा रंग, बदला. प्रत्येक चॅनलला अगदी थोडं हलवायचं आहे.

निळ्या चॅनलमध्ये शून्य उचलून १० वर आणि २५५ खाली आणून २३६ वर. सावलीत किंचित निळसर छटा येते आणि उजळ भाग दुधावरच्या सायीसारखा पिवळसर होतो. लाल चॅनलमध्ये ५० ला ४५ वर आणि २०० ला २०६ वर. त्वचेला ऊब येते, सावलीतला तांबूसपणा कमी होतो. हिरव्याला सहसा हात लावायची गरज पडत नाही.

आपल्याकडच्या अल्बममध्ये कोडॅक, कोनिका आणि फुजीचे रोल भरपूर दिसतात. कोडॅक गोल्डचा कल ऊबदार पिवळसर आहे, फुजीच्या रोलमध्ये हिरवा रंग जास्त थंड आणि स्वच्छ उठतो. तुमच्या समोरचा फोटो कोणत्या बाजूचा आहे हे ठरवा. फुजीसारखा हवा असेल तर हिरव्याचा मध्य दोन-तीन अंकांनी वर घ्या आणि निळ्याचं उजवं टोक २४५ च्या खाली जाऊ देऊ नका.

यानंतर ‘ह्यू-सॅच्युरेशन’, म्हणजे रंगाची छटा आणि त्याची तीव्रता. इथे फोनचं हिरवं दुरुस्त करायचं. श्रावणातल्या सोयाबीनच्या शेताचा फोटो फोनमध्ये बघा, प्लास्टिकच्या पानासारखा चमकतो. फिल्ममध्ये इतकं लखलखीत हिरवं मिळत नाही. हिरवा निवडून ह्यू उणे १० ते १५ करा, म्हणजे तो पिवळ्याकडे सरकेल, आणि सॅच्युरेशन उणे २५. आकाशासाठी निळ्याचा ह्यू उणे ८ आणि सॅच्युरेशन उणे १५. लाल रंगाला मात्र तसंच राहू द्या. कुंकू, लुगड्याचा काठ, धनगराचं पागोटं या लालांवर आपल्या फोटोंचा जीव असतो. सगळे रंग सारखे फिके केले तर तोच आधी जातो.

शेवटी आत्याबाईंच्या चेहऱ्याकडे आणि हातांकडे बघा. सावळी त्वचा हिरवट किंवा राखाडी झाली असेल तर कुठेतरी जास्त झालं आहे, बहुधा लाल चॅनलची सावली जास्त खाली गेली आहे. परदेशी तयार प्रीसेट आपल्या माणसांवर लावले की अनेकदा हेच होतं. ते वेगळ्या उजेडासाठी आणि वेगळ्या त्वचेसाठी बनवलेले असतात. विकत घेऊ नका. स्वतःचा एक तयार झाला की स्नॅपसीडमध्ये तो ‘लूक’ म्हणून सेव्ह करता येतो आणि एकाच समारंभाच्या सगळ्या फोटोंना लावता येतो. रोलही तसाच असतो, छत्तीसच्या छत्तीस फोटोंना एकच रंग.

दिव्याभोवतीची तांबूस झाक

ही पायरी ऐच्छिक आहे, पण दिवाळीच्या, जागरण-गोंधळाच्या, रात्रीच्या फोटोंना तिच्यामुळे फार फरक पडतो. प्रखर उजेड फिल्मचे थर भेदून मागच्या पट्टीपर्यंत जातो आणि तिथून उलटा फिरून येतो. परत येताना आधी लाल संवेदी थराला लागतो, म्हणून कड तांबूस-नारिंगी होते.

लेयरची नक्कल करा. तिच्यावर ‘लेव्हल्स’ उघडून काळं टोक २०० पर्यंत ओढा, फक्त दिवे आणि उन्हाचा पट्टा उरतील. २५ ते ४० पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्या. ‘कलराइझ’ने तिला नारिंगी-लाल करा. लेयरचा मोड ‘स्क्रीन’ ठेवा आणि अपारदर्शकता १५ टक्के. झाक आहे हे एकदा बघून लगेच लक्षात येऊ नये, लेयर बंद केल्यावर काहीतरी गेल्यासारखं वाटावं, इतकीच ठेवा. काम झालं की हाही लेयर खालच्यात मिसळा.

दाणे

दाणे शेवटी टाकायचे, आणि फोटो ज्या मापाला जाणार त्या मापाला आणल्यावरच. आधी दाणे टाकून नंतर फोटो लहान केला तर ते विरघळून जातात. चार बाय सहा इंचाच्या प्रिंटसाठी १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे इंचाला ३००.

गिंपमध्ये नवा लेयर घ्या आणि तो मधल्या राखाडीने भरा, रंगाचा कोड ८०८०८० टाका. ‘फिल्टर्स’मधून ‘नॉइज’मध्ये जाऊन ‘आरजीबी नॉइज’ घ्या, पण तिन्ही रंगांना स्वतंत्र ठेवणारी खूण काढून टाका, नाहीतर रंगीबेरंगी ठिपके येतील आणि ते अंधारात काढलेल्या स्वस्त फोनच्या फोटोसारखे दिसतील. त्यावर अर्धा ते एक पिक्सेल ब्लर द्या, कारण खरा दाणा चौकोनी पिक्सेलसारखा टोकदार नसतो. मोड ‘ओव्हरले’, अपारदर्शकता २० ते ३० टक्के. ओव्हरले वापरायचं कारण असं की पूर्ण काळ्यात आणि पूर्ण पांढऱ्यात त्याचा परिणाम जवळजवळ शून्य होतो आणि दाणे मधल्या छटांत, म्हणजे चुन्याच्या भिंतीवर आणि चेहऱ्यावर उठतात. प्रिंटमध्येही ते तिथेच जास्त दिसतात.

फिल्मवरचा आकडा तिला उजेड किती पटकन कळतो ते सांगतो: १०० च्या फिल्मचा दाणा बारीक, ४०० चा त्याहून जाड. दिवसाच्या उन्हातल्या फोटोला जाड दाणा टाकला तर तो खोटा वाटतो.

काळा-पांढरा

अल्बममधला चौकोनी काळा-पांढरा फोटो आगफा क्लिक थ्रीसारख्या डबा कॅमेऱ्याचा असू शकतो. १२० च्या रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो निघायचे. फोटो चौकोनी कापा, कडा किंचित मऊ करा, कोपरे थोडे गडद करा. गिंपमध्ये त्यासाठी ‘लाइट अँड शॅडो’खाली ‘विन्येट’ आहे. रंग काढताना ‘मोनो मिक्सर’ वापरा आणि लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण स्वतः ठरवा. लाल वाढवला की आकाश गडद होतं आणि चेहरा उजळतो.

त्याच मोनो मिक्सरने दीडशे वर्षं मागे जाता येतं. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८६० च्या दशकात अजिंठा-वेरूळची छायाचित्रं घेतली. त्या काळी फिल्मऐवजी कलोडिअन या चिकट द्रावाचा ओला लेप दिलेल्या काचा वापरत, त्यांना मुख्यतः निळाच उजेड कळायचा, लाल कळतच नसे. म्हणून त्या काळच्या छायाचित्रांत आकाश कोरं पांढरं आणि तांबडी माती काळपट दिसते. वेरूळच्या कैलास लेण्याचा किंवा दौलताबादच्या बुरुजाचा तुमचा फोटो घ्या, मिक्सरमध्ये लाल आणि हिरवा शून्य करा, निळा एक ठेवा. बेसॉल्टची शिल्पं एकदम वेगळी दिसू लागतात. मग हलका तपकिरी रंग द्या, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या त्या वेळच्या कागदासारखा. दाणे मात्र टाकू नका, काचेवरची ती चित्रं फार बारीक तपशिलाची असत. आणि माणसाच्या फोटोला ही रीत लावताना जपून: कुंकू काळं होतं, सावळा चेहरा फारच गडद होतो.

काळाची छाया, हवी असेल तर

फिल्म जमली असेल तर आता लाल चॅनलचं डावं टोक १० ते १५ ने उचला, निळ्याचं उजवं टोक आणखी खाली, २२० पर्यंत आणा, आणि एकूण कॉन्ट्रास्ट थोडा कमी करा. प्रिंट अल्बममध्ये पंचवीस वर्षं राहिल्यासारखी दिसेल. धूळ टाकायची असेल तर पांढरी टाका. निगेटिव्हवर बसलेला कण उजेड अडवतो, म्हणून प्रिंटवर तो पांढरा ठिपका होतो. नेटवर मिळणाऱ्या काळ्या केसांच्या आणि धुळीच्या तयार चित्रांनी हे नातं उलटं होतं.

कोपऱ्यातली नारिंगी तारीख मला फार आवडते, पण ती खरी टाका. आजच्या फोटोवर १९९८ ची तारीख टाकलेली फाइल नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरते, आणि दहा वर्षांनी आत्याबाईंचं वय, घराचं रंगकाम, भिंतीवरचं कॅलेंडर यांचा घोळ होतो. घरातला फोटो हा घराचा पुरावाही असतो.

तपासणी

जेपीजी ९२ ते ९५ क्वालिटीवर काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि दाणे चिकटून डाग होतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग जवळच्या कलर लॅबमध्ये चार बाय सहाची एक प्रिंट काढा आणि काउंटरवर सांगा की रंग दुरुस्त करू नका, आहे तसाच काढा. नाहीतर तिथलं मशिन तुमचा पिवळा काढून टाकतं.

ती प्रिंट घरी आणून दिवसाच्या उजेडात अल्बममधल्या फोटोशेजारी ठेवा. पहिल्या खेपेला बहुतेक वेळा पिवळा जास्त झालेला असतो, कारण स्क्रीन उजळ असते आणि डोळा तिला सरावतो. एक्ससीएफ फाइल उघडा, फोटोच्या लेयरवर पुन्हा कर्व्ह उघडून निळ्या चॅनलचा उजळ भाग पाच-सहा अंकांनी वर घ्या, दाण्यांची अपारदर्शकता प्रिंटवर दिसते तशी कमी-जास्त करा, आणि दुसरी प्रिंट काढा.